दुरडीतलं शेवटचं पान

वैशाख सरत आला की लोणावळ्याच्या गल्ल्यांतून एक वास फिरू लागतो. भिजलेल्या कागदाचा आणि वाटलेल्या मेथ्यांचा. कडवट, ओलसर, वर्षभर बंद राहिलेल्या कपाटासारखा. पावसाळ्याआधी आमच्याकडे बांबूच्या दुरड्या कागदाच्या लगद्यानं लिंपतात. कागद चार-सहा दिवस रांजणात भिजवायचा, उखळात कांडायचा, त्यात मेथी वाटून कालवायची आणि तो लगदा दुरडीला आतून-बाहेरून थापून ती उन्हात ठेवायची. भोकं बुजतात, पीठ सांडत नाही, आणि मेथीच्या कडूपणामुळे किडा जवळ येत नाही.

आज सकाळी दूध आणायला निघालो होतो, तर हा वास आला आणि मी जागीच थांबलो. लढाईमुळे यंदा कागदाचा एवढा दुष्काळ आहे की या घरात रांजणात काय भिजत असेल याची मला उत्सुकता लागली. कुंपणावरून मान लांब करून पाहू लागलो. आतल्या बाईंनी विचारलं, "काय हवंय मास्तर?"

"काही नाही. कागद कुठला आहे, ते बघत होतो."

बाईंनी रांजणावर ताट झाकलं. पंचेचाळीस वर्षांचा, चष्मा लावलेला, हातात दुधाची चरवी घेतलेला माणूस दुसऱ्याच्या रांजणातला कागद का बघतो, हे त्यांना कसं सांगावं? मी पुढं निघालो, पण दुधाऐवजी बाजाराच्या रस्त्याला लागलो. पायांना तो रस्ता ठाऊक आहे. या दिवसांत ते मला विचारत नाहीत.

बावीस-तेवीस वर्षांपूर्वी वैशाखअखेरचा बाजार म्हणजे माझी शिकारीची वेळ होती. मुंबईची बंगलेवाली मंडळी उन्हाळा काढून परत निघत. जाताना ती जे मागं टाकत, ते माळ्यांच्या हातून बाजारात येई. कंदिलांच्या फुटक्या चिमण्या, रिकाम्या बाटल्या, एका पायाचे बूट आणि पुस्तकं. एका बाजूला पावसाळ्यासाठी इरली विकणारे, दुसऱ्या बाजूला सुक्या बोंबलांचे ढीग, आणि मधे गोणपाटावर कासमभाई रद्दीवाला ही पुस्तकं ओतून बसे. ओतून म्हणतो, कारण तो ती खरोखरच पोत्यातून बटाट्यासारखी ओती. त्या काळात घेतलेली पुस्तकं आजही नाकाजवळ नेली तर बोंबलाचा वास येतो. बायको ती वेगळ्या फळीवर ठेवते.

शिकारीचे नियम मी स्वतःचे स्वतः बनवले होते. हवं असलेल्या पुस्तकाकडे सरळ बघायचं नाही. आधी इरल्यांचा भाव विचारायचा. मग कंटाळल्यासारखं खाली बसायचं आणि एखादं घोड्यांच्या रोगांवरचं इंग्रजी पुस्तक उचलून त्यात गढून जायचं. या काळात डावा हात मोकळा ठेवायचा आणि तो ढिगात आपोआप गेल्यासारखा जाऊ द्यायचा. बोटांना पुठ्ठ्याची कड लागे, कापडी बांधणीची खरबरीत पाठ लागे, आणि छाती अशी धडधडे की शेजारच्या बोंबीलवालीला ऐकू जाईल असं वाटावं. पुस्तकाच्या पोटात काय काय निघे. वाळलेलं गुलाबाचं फूल, नाटकाचं अर्धं तिकीट, तेलकट बोटाचा ठसा. एकदा एका धर्मग्रंथात खेळायच्या पत्त्यांतली बदामाची राणी निघाली. ग्रंथ मी परत ठेवला. राणी मात्र खिशात घातली.

कासमभाईला मी फसवू शकत होतो. बायकांना फसवणं शक्य नव्हतं. कारण त्या पुस्तकं वाचायला घेतच नसत.

त्या येत दुरड्यांसाठी. आणि त्यांत सगळ्यांत भयंकर होती ठकूमावशी. लोहगडवाडीची. करवंदं आणि जांभळं घेऊन पहाटे यायची, ती विकून झाली की रिकाम्या पाटीत पुस्तकं भरून न्यायची. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण पुस्तकाची पारख माझ्यापेक्षा जास्त होती. पानाचा कोपरा जिभेवरच्या ओल्या बोटानं चोळायची, कानाजवळ नेऊन वाजवायची आणि निकाल द्यायची, "ह्यो चकचकीत हाय, लय हट्टी. आठ दिस भिजला तरी मोडायचा न्हाई." निकाल चांगला लागला की मात्र पुस्तकाचं मरण ठरलेलं. पुठ्ठा कांडला जात नाही, म्हणून ती तो तिथंच दोन्ही हातांनी ओरबाडून काढायची. तो टर्रकन आवाज झाला की माझ्या दाढा शिवशिवत.

त्या वर्षी आम्हा दोघांचा हात एकाच पुस्तकावर पडला.

मुखपृष्ठ आधीच गेलेलं होतं, त्यामुळे नाव कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. पण मी मधलं एक पान वाचलं होतं आणि त्यात एक कटार, एक भुयार आणि एक बेशुद्ध पडलेली राजकन्या होती. तेवीस वर्षांच्या माणसाला आणखी काय लागतं?

"सोडा मास्तर. आदी माजा हात लागलाय."

"मावशी, हे वाचायचं पुस्तक आहे."

"मग मी काय खायाला नेतीय व्हय?"

मी ओढलं. तिनं ओढलं. करवंदं विकणाऱ्या बाईच्या हातात किती जोर असतो हे मला तेव्हा कळलं. शिवण सुटली आणि आम्ही दोघंही आपापल्या दिशेला बसलो. जाड भाग माझ्या हातात, शेवटची दहा-बारा पानं तिच्या हातात. भोवती माणसं जमली. कासमभाईनं शांतपणे पान थुंकून न्याय केला, "ज्याच्या हातात जेवढं, तेवढं त्याचं. आता उठा, गिऱ्हाइकाची वाट सोडा."

मावशी आपली पानं पाटीत टाकून हसत गेली. आणि मी मूर्ख, माझ्याकडे जास्त आलं म्हणून खुशीत घरी आलो.

आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत बापू राहत. रेल्वेत सांधेवाले होते. घाटातल्या गाड्यांचे रूळ बदलून देण्यात त्यांची तीस वर्षं गेली आणि नोकरी सुटल्यावर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गाडीचा आवाज ऐकून ती मालाची की प्रवाशांची, किती डब्यांची, हे ते ओट्यावर बसून सांगत. मी त्यांना रोज संध्याकाळी वाचून दाखवत असे. वाचून दाखवणं हा माझ्या परीनं विनम्र शब्द. मी प्रयोगच करत असे. खलनायकाला घोगरा आवाज, राजकन्येला बारीक, भुयाराला लांब उच्छ्वास. चाळीतल्या बायका भाजी निवडायला मुद्दाम आमच्या ओट्यावर येत.

त्या नावच नसलेल्या कादंबरीनं बापूंना धरलं ते असं धरलं की जेवताना ते यमूशी, त्यांच्या मुलीशी, त्यातल्या माणसांबद्दल भांडत. धाकट्या राजपुत्रावर फितुरीचा आळ आलेला. तो खोटा ठरवणारं एकच पत्र, आणि ते थोरल्या भावाच्या बायकोजवळ, म्हणजे वहिनीसाहेबांजवळ. पत्र दाखवलं तर दीर वाचतो आणि खरा गुन्हेगार म्हणून स्वतःचा नवरा सुळावर जातो. पत्र जाळलं तर दीर जातो. भरला दरबार, शेजारी पेटलेली समई, आणि माझ्या भागाची शेवटची ओळ अशी होती: 'तेव्हा वहिनीसाहेबांनी पदराआडून हात बाहेर काढला आणि'.

शेवट माझ्याकडे नाही, ही गोष्ट मी बापूंना सांगितली नव्हती. हळूहळू सांगू, म्हणत राहिलो. आणि मधेच रेल्वेच्या डॉक्टरांनी खटपट करून बापूंची मुंबईच्या इस्पितळात सोय लावली. शुक्रवारी सकाळी हजर व्हायचं. डॉक्टरांनी यमूला बजावलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, पावसाळाभर थांबलात तर डोळे कायमचे जातील. ही खाट हुकली तर दुसरी दसऱ्यानंतर.

सोमवारी संध्याकाळी मी त्या 'आणि'पाशी पोचलो.

"पुढं?" बापू म्हणाले.

"उद्या."

"पत्राचं काय झालं ते समजल्याशिवाय मी मुंबईला जात नाही. तिथं दहा दिवस डोळे बांधून उताणं पडायचंय म्हणे. डोक्यात ही बाई हात काढून उभी राहिली तर मला झोप लागेल का?"

मला हसू आलं. यमूला आलं नाही. तिनं मला जिन्याखाली गाठलं. "बाबांना शेवट नकोय, मास्तर. निमित्त हवंय. ते घाबरलेत. महिनाभर काहीतरी शोधत होते आणि तुम्ही आयतं आणून दिलंत."

मंगळवारी मी स्वतःचा शेवट रचला. फार उत्तम रचला, आजही माझं तेच मत आहे. पुस्तक समोर धरून पाऊण तास वाचलं. वहिनीसाहेबांनी पत्र दिलं, थोरला भाऊ पश्चात्तापानं कोसळला, भावाभावांची मिठी पडली. भाजी निवडणाऱ्या दोघी रडल्या. मी पुस्तक मिटलं आणि बापूंकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते.

"पाऊण तास वाचलंस," ते म्हणाले, "पान एकदाही उलटलं नाहीस."

भाजी निवडणाऱ्या दोघींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जसं मी त्यांच्या ताटातून काही चोरलं होतं. मग मी सगळं सांगून टाकलं. कासमभाई, मावशी, ओढाओढ. बापू म्हणाले, "बरं झालं. आता माझं जाणं राहिलं." आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती बघून यमूचं म्हणणं मला पटलं. थट्टेथट्टेत मी एका माणसाच्या डोळ्यांवर टाच आणली होती.

बुधवारी पहिल्या गाडीनं मळवलीला उतरलो. भाजे गावावरून वर चढायला लागलो तेव्हा आभाळ पश्चिमेकडून काळवंडलं होतं. वारा पडलेला. असं उकडत होतं की झाडाचं पान हललं तर आभार मानावेत. खिंडीतून लोहगड एकदम अंगावर येतो, तसा आला. मला एकच दिसत होतं, ठकूमावशीचं उखळ आणि त्यात बसणारं मुसळ. एवढ्या दिवसांत पानं भिजून, कांडून, थापूनही झाली असणार. पळतच वाडीत शिरलो.

मावशी अंगणात होती. मला बघून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "का वो मास्तर, उरल्यालं द्याया आलाव काय?"

"मावशी, ती पानं कांडलीस?"

"न्हाई."

मी ओसरीच्या कडेला बसलो.

"कांडायला जीव झाला न्हाई," ती म्हणाली. "लय गुळगुळीत हुती. वरनं डकवली दुरडीला, आतल्या अंगानं. नवरीवानी दिसत्यात."

हे मला नवं होतं. लगदा वाळला की चांगली पानं खळ लावून आतून चिकटवतात, म्हणजे पिठाला लगद्याचा खरबरीतपणा लागत नाही. तिनं दोन रिकाम्या दुरड्या माझ्यापुढं ठेवल्या. मी एकीत डोकं घातलं. मेथीचा वास, आणि त्या वासातून, दुरडीच्या गोलाईवरून वळत गेलेली, वहिनीसाहेबांची गोष्ट.

बसून वाचता येईना, म्हणून मी दुरडी फिरवू लागलो. पानं आडवी-उभी-उलटी, जशी जागा मिळेल तशी. आणि लगेच दुसरी अडचण समजली. प्रत्येक पानाची एकच बाजू वर. दुसरी लगद्याला चिकटलेली. म्हणजे एक बाजू वाचायची, एक सोडायची. शेजारच्या दोघी-तिघी, मावशीची सून, एक म्हातारी, सगळ्या भोवती गोळा झाल्या. मास्तर दुरडीत तोंड घालून मोठमोठ्यानं बोलतोय, असं दृश्य रोज घडत नाही.

"आदीपासनं सांगा," मावशी म्हणाली. "आर्दीच गोष्ट माज्या दुरडीला कशापायी सांगताय?"

मी आधीपासून सांगितलं. भराभर, पण आवाजांसकट. मग दुरडीतलं वाचू लागलो. तो लेखक मोठा छळवादी होता. वहिनीसाहेबांचा हात बाहेर काढून ठेवून त्यानं आधी पत्र कसं मिळालं ते सांगितलं, मग नवऱ्याच्या डोळ्यांचं वर्णन केलं, मग समईचं.

"आगं पर जाळलं का दिलं?" म्हातारी कातावली.

"जाळलंच आसंल," सून म्हणाली. "नवऱ्याला सुळावर कोण धाडल?"

"व्हय गं, तू जाळशील," मावशी म्हणाली. "माजा ल्योक तुला माहीत हाय न्हवं? मी आसते तर दिलं आसतं."

सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. दुसरी दुरडी संपली होती आणि शेवटची ओळ होती, 'वहिनीसाहेब समईच्या दिशेने एक पाऊल पुढे आल्या'. राहिलं होतं एक पान.

"मावशी, आणखी एक पान होतं."

"ते धाकल्या दुरडीला लावलंय. तिच्यात नाचणीचं पीठ भरलंय." मावशीनं मान हलवली. "भरल्याली दुरडी त्याच हप्त्यात रिकामी करीत न्हाईत, मास्तर. आमच्यात चालत न्हाई."

मी तिला बापूंबद्दल सांगितलं. शुक्रवार, खाट, दसरा, डोळे. तिनं ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाली, "परात आण."

आम्ही घरात गेलो आणि मावशीनं पीठ परातीत ओतलं. बाहेर लांब कुठं तरी गडगडलं. मावशीनं पदरानं दुरडी पुसली आणि माझ्यासमोर धरली.

आत पांढरं होतं. स्वच्छ, कोरं, एक अक्षर नसलेलं.

पुस्तकाचं शेवटचं पान पुष्कळदा एकाच बाजूनं छापलेलं असतं. ही गोष्ट मी शेकडो वेळा पाहिली होती. मावशीनंही पाहिली होती, आणि तिच्या दृष्टीनं त्या पानाची चांगली बाजू कोरी होती. तिनं तीच वर घेतली. शेवट लगद्याकडे तोंड करून, मेथीच्या खळीत घट्ट बसला होता.

"ह्येच लय झ्याक दिसलं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. मग म्हणाली, "भिजवू का? सुटल."

मी दुरडी पाहिली. मग दारातून आभाळ पाहिलं. भिजवली की दुरडी मोडणार, आणि आता पुन्हा लिंपून वाळवायला ऊन राहिलं नव्हतं. चार महिने पाऊस, आणि त्या घराचं नाचणीचं पीठ परातीत उघडं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हो म्हटलं असतं तर तिनं भिजवली असती, हे मला दिसत होतं. म्हणून मी नको म्हटलं. तिनं पीठ परत भरलं आणि मला ताक दिलं.

उतरताना वाटभर मी खोटं रचत होतो. या वेळी पान उलटायचं. या वेळी जाळायचं, सून म्हणाली तसं. बापूंना पटेल. गाडीत बसलो तरी रचतच होतो.

ओट्यावर बापू बसले होते. यमू दारात. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि समजली. मी खाली बसलो आणि, का ते आजही सांगता येणार नाही, सगळं जसं घडलं तसं सांगितलं. समईच्या दिशेनं टाकलेलं पाऊल. पालथं पान. भरलेली दुरडी. निमित्त मी त्यांच्या हातात दिलं, तेही गाठ मारून. आता ते म्हणणार, मग राहू दे, आणि कुणी काही बोलू शकणार नव्हतं.

खालून एक गाडी गेली. कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही.

"पान फाटलंय का?"

"नाही. अख्खं आहे."

"अक्षरं?"

"शाबूत राहतात, असं मावशी म्हणाली. जुन्या दुरड्या भिजवल्या की कधी कधी पानं अख्खी निघतात."

"अशी दुरडी टिकते किती?"

"तिच्या हातची पाच-सहा वर्षं."

"म्हणजे पाच-सहा वर्षांनी ते पान सुटणार. आणि तेव्हा वाचणार कोण? तू." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. त्या ढगाळ डोळ्यांना मी दिसत नव्हतो, पण मला नीट बघितल्यासारखं वाटलं. "आणि आता तू पान उलटायलाही शिकला असशील. तुझा भरवसा नाही, मास्तर."

दारातली यमू पुढं आली.

"यमे," ते म्हणाले, "पिशवी भर. माझा कोट घाल त्यात."

शुक्रवारी पहाटे आम्ही तिघं स्टेशनावर गेलो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. गाडी सुटेपर्यंत त्यांनी तो काढला नाही. पाऊस सुरू झाला तो त्यानंतर दोन दिवसांनी. त्या दोन दिवसांत मी पुस्तक उघडलं नाही. कासमभाई बाजारात हाक मारत होता, तरी ढिगाजवळ गेलो नाही.

एक डोळा गेला. दुसरा आला. बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगाचा चष्मा घालून बापू परत आले आणि पुढच्या वैशाखात माझ्या आधी गोणपाटावर जाऊन बसले. पुस्तक उचलायचं, ते नाकाला लावायचं आणि सगळ्यांत आधी शेवटचं पान आहे का ते बघायचं. ठकूमावशी पाटी घेऊन आली की विचारायचे, "काय मावशी, मोडली का दुरडी?"

"मोडंल कशानं? तुमी काय तिच्या वाईटावर बसलाय व्हय?" ती म्हणायची. ती रागावलेली असायची आणि तिला अभिमानही वाटत असायचा.

बापू आणखी अकरा वर्षं जगले. दुरडी त्यांच्याहून जास्त टिकली. त्या अकरा वर्षांत, ताप असो की डोळा दुखत असो, त्यांनी मला एकही ओळ वाचून दाखवू दिली नाही.